एक सूर, ४७ मिनिटं: एका नव्या इलेक्ट्रॉनिक अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या महिन्यात दोन रविवारी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गाण्याच्या वर्गाच्या माडीवर आम्ही एक नवा अल्बम बसून ऐकला. पहिल्या खेपेला अकरा जण होते, दुसऱ्या खेपेला तेवीस. शेवटचे चौघे जिन्यात बसले. तेव्हापासून वर्ग सुटताना, मंडईत, फोनवर तेच तेच प्रश्न येतायत. काही कुतूहलाचे आहेत, काही रागाचे. रागावलेल्यांचं मला जास्त बरं वाटतं, कारण ते शेवटपर्यंत ऐकून रागावलेत. सगळ्यांना एकदाच लिहून उत्तरं देते.

अल्बम कुणाचा आहे आणि त्यात आहे तरी काय?

माझ्याकडे लहानपणी सहा वर्षं गाणं शिकलेल्या एका मुलानं तो केलाय. पुढं तो इंजिनिअरिंगला गेला, गाणं सुटलं, आता पुण्यात नोकरी करतो. अल्बमवर त्यानं स्वतःचं नाव घातलेलं नाही आणि अल्बमलाही नाव दिलेलं नाही, म्हणून मीही देत नाही. सहा तुकडे आहेत, त्यांना एक ते सहा आकडे. सगळे मिळून ४७ मिनिटं. शब्द नाहीत, गायक नाही, ओळखीचं वाद्य नाही. दोन-तीन इलेक्ट्रॉनिक आवाज घेऊन ते फार सावकाश बदलत नेलेत. अशा संगीताला मिनिमल म्हणतात.

पहिल्यांदा ऐकल्यावर तुम्हाला काय वाटलं? खरं सांगा, बाई.

दोन मिनिटांत बंद केलं. सकाळी साडेसातची वेळ, गॅसवर कुकर, दारात दूधवाला. पहिला तुकडा म्हणजे एक जाडसर गुंजन आणि त्यात भरभर होणारी थरथर, कानाशी भुंगा घोंगावल्यासारखी. पोरानं विश्वासानं पाठवलंय म्हणून ऐकायला हवं, एवढंच मनात होतं. "निवांत ऐकते रे" असा निरोप धाडला आणि राहून गेलं.

चारेक दिवसांनी रात्री वर्ग संपल्यावर तानपुऱ्यांना गवसण्या घातल्या आणि दिवा मालवून अल्बम पुन्हा लावला, या वेळी मोठ्या स्पीकरवर. दोन मिनिटं गेली, तीन गेली. थरथर कमी झाल्यासारखी वाटली. म्हटलं, कान सरावला असेल. पण ती खरोखरच मंदावत होती. आधी सेकंदाला दोनदा, मग एकदा, मग झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतकी संथ. सहाव्या मिनिटाला माझ्या ध्यानात आलं की अंधारात माझी बोटं खुंटी पिळल्यासारखी फिरतायत. तो मुलगा तानपुरा लावत होता. नऊ मिनिटांचा अख्खा तुकडा म्हणजे तानपुऱ्याची एक जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, एका सुरात लावणं.

हा मुलगा दहा वर्षांचा असताना वर्गाआधी अर्धा तास येऊन बसायचा. गळ्याला फार फिरत नव्हती, पण जोड लागेपर्यंत तो जागचा हलायचा नाही. तारेचा मणी केसभर सरकवायचा, भोपळ्याला कान लावायचा, पुन्हा सरकवायचा. बाकीची मुलं वैतागायची. त्या रात्री तुकडा संपता संपता दोन सूर एक झाले, लहर थांबली, आणि माडी एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. उरलेला अल्बम मी सलग ऐकला आणि लगेच त्याला फोन केला. साडेअकरा वाजून गेले होते. त्याला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं.

एकच सूर तर वाजतोय. यात संगीत कुठं आलं?

एक सूर नाही, दोन आहेत. एक ११० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ११० कंपनं. आपल्या पेटीच्या हिशेबात पांढरी सहाचा खर्ज. तो शेवटपर्यंत हलत नाही. दुसरा ११२ वर सुरू होतो आणि नऊ मिनिटांत उतरत ११० ला येऊन मिळतो. दोन सूर अगदी जवळ असले की त्यांच्या कंपनांतलं जेवढं अंतर, तेवढ्या वेळा सेकंदाला आवाज फुगतो आणि ओसरतो. ११२ आणि ११० असेल तर दोनदा. ११०.२५ ला आला की चार सेकंदांतून एकदा. जुळले की लहर थांबते.

हे गणित तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, पण कानाला ते माहीत आहे. तानपुऱ्याची जोड मिळवताना आपण हेच ऐकतो. लहर जोरात आहे, म्हणजे अजून लांब आहे. मंदावली, म्हणजे जवळ आलो. पुन्हा वाढली, म्हणजे पुढं गेलो, मणी मागं घ्या. गवयी मैफलीआधी पाच मिनिटं तानपुरा लावतो तेव्हा लोक एकमेकांशी बोलत असतात. या अल्बमात त्या पाच मिनिटांनाच मैफल केलंय.

आणखी एक गंमत बघा. त्या दोन सुरांच्या वर तुम्हाला बारीक, उंच सूर ऐकू येतील. पंचम तर येतोच, आणि लक्ष दिलं तर गंधारही. हे सूर त्यानं वेगळे घातलेले नाहीत. जाडसर आवाजाच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपसूर असतातच. तिप्पट म्हणजे वरचा पंचम, पाचपट म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलवतो ती याच उपसुरांसाठी. इथं दोऱ्याचं काम फिल्टर करतो.

मिनिमल म्हणजे नेमकं काय? मराठीत काय म्हणायचं?

मी "मोजकं" म्हणते. सामग्री कमीत कमी घ्यायची आणि तीच पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या फरकानं वापरायची. अमेरिकेत साठच्या दशकात काही संगीतकारांनी या वाटेनं जायला सुरुवात केली. टेरी रायली यांनी १९६४ साली ५३ छोट्या सुरावटींची एक रचना केली. वाजवणाऱ्यांनी प्रत्येक सुरावट आपल्याला हवी तितक्या वेळा वाजवून पुढं जायचं. ध्वनिमुद्रित आवाजावर हाच प्रयोग झाला, नंतर सिंथेसायझरवर, आणि नव्वदच्या दशकात डेट्रॉइट आणि बर्लिनच्या नाचाच्या संगीतातही ही काटकसर शिरली. आपल्या या अल्बमात दोन्हीकडचं थोडं थोडं आहे: पहिला आणि सहावा तुकडा बसून ऐकायचा, चौथा पायांचा.

हे परदेशी खूळ आहे. कोल्हापूरचा आणि याचा काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आणि त्याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं. संबंध आहे आणि तो याच गावातून जातो.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ लहान वयात शिकण्यासाठी कोल्हापुरात आले. इथं लंगडे हैदरबक्ष खाँ होते, बीनकार (रुद्रवीणा वाजवणारे) बंदे अली खाँ यांचे शागीर्द. त्यांच्याकडं वहीद खाँ शिकले. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून लोक त्यांना बहरे वहीद खाँ म्हणत. अतिविलंबित लयीत एकेका सुरावर थांबून रागाची बढत करणं, हे त्यांचं गाणं. सकाळी तोडी आणि रात्री दरबारी, एवढ्याच दोन रागांचा ते रियाज करत असं सांगतात.

त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ. लाहोरकडचा हा मुलगा गाण्यासाठी घर सोडून निघाला आणि वर्षानुवर्षं गुरूची सेवा करत शिकला. हेच प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले आणि तिथं त्यांचे शिष्य कोण झाले? ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली. म्हणजे मिनिमल संगीताची ज्यांच्यापासून सुरुवात सांगतात, त्यातले दोघं. ही माणसं तानपुरा मांडीवर घेऊन एकेक सूर तासतास लावत बसली.

हे संगीत प्राणनाथांमुळं जन्मलं असं मात्र मी म्हणणार नाही. रायली यांची ती ५३ सुरावटींची रचना प्राणनाथ तिथं जाण्याच्या सहा वर्षं आधीची. पण तिथं जे चाललं होतं त्याला सुराच्या आत बघायची नजर प्राणनाथांनी दिली. आणि ती ज्यांच्याकडून त्यांना मिळाली, त्यांच्या शिकण्याची एक खोली आपल्या गावात होती. त्यामुळं हा मुलगा पुण्याच्या भाड्याच्या खोलीत बसून दोन सूर जुळवत होता तेव्हा बाहेरची वस्तू घरात आणत नव्हता.

पण आपल्याकडं तर जयपूर-अत्रौली गायकी. ती किती भरगच्च! हे त्याच्या उलटच नाही का?

बरोबर बोललात, आणि हा प्रश्न विचारणारे काका स्वतः जुने ऐकणारे आहेत. शाहू महाराजांच्या पदरी उस्ताद अल्लादिया खाँ होते, आणि इथल्या कानांवर संस्कार झाला तो त्यांच्या गायकीचा. जोडराग, वक्र चलन, लयीला धरून घातलेल्या गुंतागुंतीच्या ताना. केसरबाई, मोगूबाई ही त्यांचीच शागिर्दी. १८८३ सालच्या गायन समाज देवल क्लबात बसून लहानाचे मोठे झालेले लोक आहेत आमच्यात. एका आवर्तनात जेवढं मावतं तेवढं भरायचं, ही या कानाची भूक. म्हणून पहिल्या रविवारी सर्वांत आधी चुळबूळ याच मंडळींची झाली. मला ते अगदी समजतं. मीही त्याच पानावर जेवलेली.

पण जयपूरच्या गाण्यातही एक गोष्ट सतत चालू असते: लय सुटत नाही. तान कितीही वाकडीतिकडी गेली तरी आत एक धागा मोजत असतो. तो मोजणारा कान या अल्बमात दुसऱ्या तुकड्यापाशी एकदम जागा होतो.

दुसऱ्या तुकड्यात ताल चुकलाय का? मध्येच विस्कटतो.

चुकलेला नाही. तिथं जे घडलं ते नीट सांगते.

दोन आवाज आहेत. एक लाकडावर टकटक केल्यासारखा, दुसरा पाण्याचा थेंब पडल्यासारखा. दोघांची गती एकच, मिनिटाला १२० मात्रा. सुरुवातीला दोघं एकत्र पडतात, पण दुसऱ्या फेरीपासून एकमेकांपासून सुटायला लागतात आणि पुढं कुणाचं कुणाशी काही जमत नाही असं वाटतं. आमच्यात तबल्याचे एक ज्येष्ठ काका भिंतीला टेकून बसले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढं, हल्ली हात दुखतो म्हणून वाजवत नाहीत. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. उजव्या हातावर एक मोजणी, डाव्यावर दुसरी. दीडेक मिनिटानं डोळे न उघडता ते म्हणाले, "एक हात तीनतालात आहे आणि एक सवारीत." मग थोडं थांबून, "आता बघा, येतोय."

आणि आला. लाकूड आणि थेंब एकाच ठिकाणी टक्क पडले. माडीवरच्या अकराही जणांच्या तोंडून "हा" निघाला.

हिशेब असा: लाकडाची फेरी १६ मात्रांची, म्हणजे तीनताल; थेंबाची १५ मात्रांची, म्हणजे सवारी. दोघं पुन्हा एकत्र यायला २४० मात्रा लागतात, म्हणजे या गतीत बरोबर दोन मिनिटं. तुकडा आठ मिनिटांचा आहे. सुरुवातीची धरून पाच समा, म्हणजे दोघं एकत्र पडायच्या पाच जागा. पाचवी आली की तुकडा तिथंच थांबतो. पहिली सम कळली की पुढच्यांची वाट बघण्यात जी मजा आहे, ती मी सांगून कळणार नाही. दुसऱ्या रविवारी त्या काकांनी नवीन लोकांना आधी काहीच सांगायचं नाही अशी मला ताकीद दिली होती. इथं लिहिताना मी ती मोडतेय.

अशी सरकती जुळणी नवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोत संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ साली रस्त्यावरच्या एका प्रवचनकाराच्या आवाजाच्या दोन सारख्या टेप दोन यंत्रांवर लावल्या, आणि यंत्रं जराशी मागंपुढं चालल्यामुळं त्या आपोआप सरकत गेल्या. त्यातून त्यांची पद्धत तयार झाली. आपल्याकडं तबलजी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) बसवताना हे बोटांवर करतो.

यात राग कुठला आहे?

कुठलाच नाही. सहाव्या तुकड्यात कोमल रिषभ डोकावतो आणि मारव्याची आठवण होते, पण ती आपल्या मनातली. शोधू नका.

कॉम्प्युटरनं केलेलं आहे. मग माणसाचं त्यात काय?

तुमच्या मुलीच्या रियाजाला तानपुरा कुठला आहे? इलेक्ट्रॉनिकच ना. बेंगळुरूत १९७९ साली तो पहिल्यांदा तयार झाला आणि आज मिरजेचा खराखुरा तानपुरा परवडत नाही, किंवा एसटीत नेता येत नाही, अशा प्रत्येक घरात तो डबा आहे. त्या डब्यासमोर बसून आपण गातोच की.

आणि भारतात हे संगीतही काल आलेलं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई यांच्यासारख्या लोकांनी त्या यंत्रावर प्रयोग केले. त्या टेप कित्येक वर्षं पडून होत्या. २०२३ साली त्यातल्या निवडक अल्बम म्हणून बाहेर आल्या. आणि आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि यंत्राच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा कुणी विचारलं नाही, तीसेक वर्षांनी जगानं डोक्यावर घेतलं.

यंत्र काय करतं? जे सांगाल ते तंतोतंत करतं. ११२ वरून ११० वर नऊ मिनिटांत ये म्हटलं की येतं. पण नऊच मिनिटं का, पाच का नाही, हे यंत्राला ठरवता येत नाही. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, पाच केलं तेव्हा ऐकणाऱ्याला समजतं की काहीतरी होतंय. पंधरा केलं तेव्हा समजतच नाही. नऊला समजतंय की नाही अशी शंका येते." ही शंका त्यानं कानानं मोजली. महिनाभर रोज रात्री.

आवडलं नाही असं काही आहे की नाही? शिष्य म्हणून सांभाळून घेताय.

आहे. तिसरा तुकडा मला पटलेला नाही. अकरा मिनिटांचा आहे आणि त्यात आवाजाला एवढा घुमारा दिलाय की मोठ्या रिकाम्या देवळात बसल्याचा भास व्हावा. असा घुमारा दिला की कुठलाही सूर भव्य वाटतो, साधी वाटी वाजवली तरी. पहिल्या दोन तुकड्यांत त्यानं काहीही झाकलं नाही, सगळं उघड्यावर. तिसऱ्यात आतली कल्पना पातळ आहे आणि ती धुक्यात गुंडाळलीय. मी त्याला तसंच सांगितलं. म्हटलं, तुला गळ्यात तान बसली नाही की तू पेटीचा आवाज वाढवायचास, तेच केलंयस. तो गप्प बसला, मग म्हणाला, "ते पहिल्यांदा केलेलं आहे, सोडवत नव्हतं." सोडायला हवं होतं. अकराची चार मिनिटं केली असती तरी चाललं असतं.

चौथ्याबद्दल माझं मत तितकंसं भरवशाचं नाही. चार मिनिटांचा जलद ठेका, खाली धप्प धप्प आणि वर बारीक चिळचिळ. वर्गातल्या मुली उठून नाचल्या आणि मला छान वाटलं, पण ते त्यांना बघून वाटलं की ऐकून, हे सांगता येत नाही.

पाचवा तुकडा रिकामाच आहे ना? आमच्याकडं फाइल बिघडली असं वाटलं.

फाइल ठीक आहे. तीन मिनिटांत एकोणीस टिचक्या आहेत आणि मध्ये शांतता. टिचक्यांचं अंतर वाढत जातं. पहिल्या दोन एका श्वासात येतात, शेवटच्या दोघींमध्ये जवळपास अर्धं मिनिट.

पहिल्या रविवारी या तुकड्यात आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेली विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ऐकू आली. मी या घरात सत्तावीस वर्षं राहते आणि ती घुमते हे मला माहीतच नव्हतं. घरातली वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुपटीनं, म्हणजे १०० हर्ट्झवर घुमतो. अल्बमचा षड्ज ११० वर. म्हणजे शांततेतही आमच्या माडीवर एक सूर होता, अल्बमच्या षड्जापेक्षा थोडा उतरलेला. मग एक रिक्षा गेली, कुठंतरी पोळी लाटल्याचा आवाज आला, आणि पुढची टिचकी पडली. हा तुकडा प्रत्येक घरात वेगळा वाजणार. शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीशेजारी राहणाऱ्या आमच्या एका पालकांनी तो घरी ऐकून बघायचं ठरवलंय, मलाही जायचंय.

मोबाइलवर ऐकलं तर चालेल का?

पाच तुकडे कसेबसे चालतील, सहावा नाही. त्याचा पाया ५५ हर्ट्झवर आहे, पहिल्या तुकड्यातल्या षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. मोबाइलचा इवलासा स्पीकर इतका खालचा सूर जवळजवळ वाजवतच नाही. तुम्हाला वरची फेसासारखी कुजबुज तेवढी ऐकू येईल आणि म्हणाल, बाईंना एवढं काय आवडलं यात! साधे वायरचे इअरफोन लावलेत तरी पुष्कळ फरक पडतो. घरात टीव्हीचा किंवा जुन्या म्युझिक सिस्टिमचा मोठा स्पीकर असेल तर तो वापरा. आवाज फार वाढवू नका. समोरासमोर बसून बोलतो तेवढा ठेवा.

मोठ्या स्पीकरवर या तुकड्यात एक गोष्ट होते. आमच्या माडीवरच्या फडताळात तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र असतं. सहाव्या तुकड्याच्या चौथ्या मिनिटाला ते फुलपात्र झणझणायला लागलं. मी उठून ते बाजूला ठेवलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या की बाई, चांगलं वाजत होतं." परत ठेवलं. दुसऱ्या रविवारी मी ते आधीच तांब्यावर नीट ठेवलं होतं.

मन लागत नाही. चार मिनिटं झाली की हात मोबाइलकडं जातो.

जातोच. माझाही गेला होता, वर सांगितलंच.

यावर माझ्याकडं युक्ती नाही, एक आठवण आहे. अंबाबाईचा किरणोत्सव तुम्ही गर्दीत उभं राहून बघितला असेल. नोव्हेंबरात, आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली, आत शिरली, आता चरणांवर, उद्या कमरेपर्यंत, परवा मुखावर. काही मिनिटांचा खेळ, आणि डोळ्यांना दिसेल अशी हालचाल जवळजवळ नाही. ढग आला तर तेवढंही नाही. तरी हजारो माणसं श्वास रोखून बघतात आणि किरण बोटभर वर सरकला की सगळ्यांना एकाच वेळी समजतं. तिथं आपल्यापैकी कुणालाही कंटाळा आलेला मी बघितला नाही. काय बघायचं ते ठाऊक असतं म्हणून.

या अल्बमात काय ऐकायचं ते प्रत्येक तुकड्यात एकच असतं. पहिल्यात लहर. दुसऱ्यात सम. सहाव्यात तो खालचा सूर कधी आला हे पकडायचं. तेवढं एक धरून बसा.

झोप लागली तर?

लागू द्या. दुसऱ्या रविवारी दोघांना लागली. दोघंही पाचव्या तुकड्यात जागे झाले, शांततेनं.

गाणं शिकणाऱ्या मुलांनी हे ऐकावं का? कान बिघडणार नाही?

कान बिघडेल तो बेसूर तानपुऱ्यासमोर रोज गाऊन. आधी घरातल्या मोबाइल ॲपचा तानपुरा तुमच्या मुलीच्या पट्टीला आहे का ते बघा, ती जास्त तातडीची गोष्ट आहे.

मी वर्गात पहिला तुकडा एका कामासाठी वापरायला सुरुवात केलीय. मुलांना डोळे मिटून बसवते आणि सांगते, लहर थांबली असं वाटलं की हात वर करा. पहिल्या दिवशी चौदापैकी नऊ हात सातव्या मिनिटालाच वर गेले. लहर तेव्हा चालूच होती, फक्त लांबली होती. तिसऱ्या आठवड्यात बहुतेक हात साडेआठच्या पुढं गेले. तानपुऱ्याजवळ एकेका मुलाला बसवून हे शिकवायला मला वर्ष लागायचं, कारण तार हातात असली की मूल ऐकायचं सोडून पिळत बसतं. इथं पिळायला काहीच नाही, नुसतं ऐकायचं. मग तानपुऱ्यापाशी गेल्यावर कशाची वाट बघायची हे त्यांना माहीत असतं.

पण हे गाण्याऐवजी नाही. सरगम, पलटे, बंदिश सगळं जिथल्या तिथं.

लहान मुलांना आवडेल का?

चौथा नक्की. दुसराही, त्यांना टाळी द्यायला सांगितलं तर.

अल्बम कुठं मिळेल?

अजून कुठं चढवलेला नाही. तिसरा तुकडा तो पुन्हा करतोय. माझ्या बोलण्यामुळं की स्वतःहून, हे मी विचारलं नाही. तोवर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या माडीवर. नाश्ता करून या, मध्ये उठता येत नाही. चपला जिन्याखाली काढा, माडीची फळी करकरते आणि पाचव्या तुकड्यात ती टिचकीसारखी ऐकू येते.